निखाऱ्यापूर्वीची तयारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आम्ही एक भाषण करावे, असा निरोप घेऊन मंडळाचे चिटणीस आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या मनात सरकारी लेखापरीक्षणासारखा एखादा विषय होता. जे काम आम्ही गेली तीस वर्षे कचेरीत करीत आलो, तेच रविवारच्या संध्याकाळी आपणांस ऐकवावे, हे आम्हांस आपल्यावर अन्याय करण्यासारखे वाटले. म्हणून आम्ही भीतभीतच सुचविले की, मांस निखाऱ्यावर भाजण्यापूर्वी त्याची तयारी कशी करावी, या विषयावर बोलू का? चिटणीस क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, आपले निम्मे सभासद शाकाहारी आहेत." आम्ही म्हणालो, "मग उरलेले निम्मे तरी पुढच्या रांगेत बसतील." आज पुढची रांग भरलेली दिसते आहे, आणि तीत काही अनपेक्षित चेहरेही दिसत आहेत. (हशा)

शाकाहारी मंडळींची प्रथमच क्षमा मागतो. त्यांनी आमच्या बोलण्यातला पदार्थ सोडून द्यावा आणि पद्धत तेवढी घ्यावी. मीठ पाणी ओढते आणि पाणी तांबूसपणाला आड येते, हे वांग्याच्या कापांनाही तितकेच लागू आहे.

आपल्या मराठी घरांत विस्तवावर भाजण्याची परंपरा नाही, असे मुळीच नाही. भरताचे वांगे आपण भाजतो, हुरडा भाजतो, मक्याचे कणीस भाजतो, पापड भाजतो. कोकणातली माणसे चुलीच्या निखाऱ्यावर सुका बोंबील भाजतात आणि त्याच्या वासाने सारी आळी जागी करतात. मटण मात्र आपण भाजत नाही, शिजवितो. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले. लहानपणी महिन्यातून एखाद्या रविवारी घरात मटण येई ते फार तर पाऊण किलो, आणि पाने मांडली जात बारा. त्या हिशेबात रस्स्यावाचून गत्यंतरच नव्हते. मांसाचा तुकडा वाट्याला आला नाही तरी चव सर्वांपर्यंत पोचावी, ही रस्स्याची थोरवी. शिवाय रस्सा क्षमाशील असतो. तिखट जास्त झाले तर पाणी वाढविता येते, मांस शिजले नसेल तर आणखी अर्धा तास चुलीवर ठेवता येते. निखाऱ्यावर ठेवलेल्या कापाला ही सवलत नाही. तो विस्तवावर गेला की पाच-दहा मिनिटांत निकाल लागतो, आणि तो फिरविता येत नाही. जे काही करावयाचे ते आधीच करून ठेवावे लागते. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे. पुढचा सारा त्याचा विस्तार समजावा.

ही कला आपल्याकडे परकी आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. सळईवर भाजलेल्या मांसाला संस्कृतात 'शूल्य' असा स्वतंत्र शब्द आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात राजाबरोबर शिकारीला जाऊन कंटाळलेला विदूषक अवेळी जेवावे लागते आणि त्यातही बहुतेक भाजलेले मांसच खावे लागते, अशी तक्रार करतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा जो ज्ञानकोश रचला, त्याच्या अन्नविषयक भागात मांसाचे तुकडे निखाऱ्यावर भाजण्याच्या कृती आहेत. हे कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मराठीच्या जुन्या खुणा शोधणाऱ्यांना या ग्रंथाचे महत्त्व वेगळ्याच कारणाने वाटते, कारण त्याच्या संगीतविषयक भागात जुन्या मराठीतल्या गीतांचे नमुने आले आहेत. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालो, त्यामुळे जुन्या मराठीचे पुरावे आणि भाजलेले मांस एकाच ग्रंथात सापडावेत, याचा आम्हांस विशेष आनंद होतो. (हशा)

पाश्चात्य देशांत ज्याला 'स्टेक' म्हणतात, तो बहुधा गोवंशाच्या मांसाचा, इंच-दीड इंच जाडीचा, आडवा कापलेला एकसंध काप असतो. आमच्या घरात ते मांस निषिद्ध आहे. येथे जमलेल्या बहुतेकांच्या घरी असेच असेल. आपल्याकडे मिळते ते बोकडाचे मांस. बोकड लहान जनावर. त्याच्या अंगावर असा जाड काप निघण्याजोगी जागा फारशी नसते. म्हणून आपल्या देशातील खानसाम्यांनी दुसरा मार्ग काढला. मागच्या मांडीचे बिनहाडाचे मांस घ्यावयाचे, त्याचे रुंद व पातळ काप करावयाचे आणि ते हलके ठेचावयाचे. या कापांना 'पसंदे' म्हणतात. स्टेक आणि पसंदा यांची जाडी वेगळी, जनावर वेगळे, देश वेगळा. परंतु विस्तवावर जाण्यापूर्वीचे नियम दोघांचे जवळजवळ एकच आहेत. ते नियम आम्ही शिकलो हैदराबादेत, आणि शिकलो ते स्वतःची फजिती झाल्यावर.

२००८ साली आमची हैदराबादला बदली झाली. मुलाची शाळा पुण्यात चांगली चालली होती, म्हणून आमच्या सौभाग्यवती व चिरंजीव तेथेच राहिले आणि आम्ही एकटेच सरकारी वसाहतीत राहावयास गेलो. तोवर आम्ही स्वयंपाकघरात पाणी पिण्यापलीकडे गेलो नव्हतो. वर्षभर खाणावळीत काढल्यावर आम्ही स्वतः शिकावयाचे ठरविले. हैदराबादेत 'पत्थर का गोश्त' या नावाचा एक प्रसिद्ध पदार्थ आहे. काळ्या ग्रॅनाइटचा जाड दगड निखाऱ्यांवर तापवून त्यावर हे पसंदे भाजतात. सहावे निजाम महबूब अली खान शिकारीला गेले असता आचारी सळया विसरला आणि त्याने जवळचाच दगड तापवून मांस भाजले, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. आख्यायिकेचे लेखापरीक्षण आम्ही केलेले नाही. (हशा)

एका रविवारी आम्ही मांस आणले, धुतले, त्यावर भरपूर मीठ, मसाला आणि दही ओतले आणि पंधरा मिनिटांनी ते तापलेल्या जाळीवर ठेवले. चर्र असा आवाज व्हावयास हवा होता, तो झाला नाही. मांसातून पाणी सुटले, निखारे फुसफुसले, धूर झाला, काप जाळीला चिकटले. जे हाती आले ते बाहेरून करडे आणि आतून चामड्यासारखे होते. धूर पाहून शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी आले. ते गणिताचे निवृत्त शिक्षक होते. आम्ही त्यांना मास्तरसाहेब म्हणत असू. त्यांनी ताटलीकडे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "साब, नमक कब लगाए?" आम्ही वेळ सांगितली. ते म्हणाले, "इत्ती जल्दी नक्को करो."

हा 'नक्को' ऐकून आम्हांस गहिवरून आले, हे आपणांसारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांना सांगावयास नको. आपला 'नको' दख्खनी बोलीत शतकानुशतके नांदतो आहे. परमुलखात आपल्याला चूक दाखविणारा माणूस आपल्याच शब्दात ती दाखवितो, तेव्हा राग येत नाही.

पुढच्या तीन वर्षांत मास्तरसाहेबांनी आम्हांस जे शिकविले आणि नंतर आम्ही पुस्तके वाचून जे पडताळून पाहिले, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट निवड. कोवळ्या बोकडाची मागची मांडी घ्यावी. तिच्यावरचा पांढरा पापुद्रा सुरीने काढून टाकावा. तो भाजताना आकसतो आणि काप द्रोणासारखा वाकडा होतो. मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते नीट पाहावे आणि सुरी त्यांना आडवी चालवावी. लांब धागा दातांनी तोडावा लागतो, आखूड धागा आपोआप सुटतो. काप अर्ध्या बोटाइतके जाड करावेत व वरवंट्याने हलकेच ठेचावेत; ठेचणे म्हणजे चटणी वाटणे नव्हे. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार थोडे लोक जाणतात. सकाळी कापलेले मांस दुपारी भाजले, तर ते बहुधा कडक लागते, कारण जनावर कापल्यानंतर काही तासांनी त्याचे स्नायू ताठरतात. तेच मांस फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहिले, तर त्याच्या अंगच्याच पाचकद्रव्यांनी ते सैल होते. 'ताजे ते उत्तम' हा नियम मासळीला सोन्यासारखा, पण भाजावयाच्या मटणाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट मीठ, आणि सर्वांत महत्त्वाची हीच. मांसावर मीठ चोळले की पहिल्या काही मिनिटांत ते आतले पाणी बाहेर ओढते. दहा-पंधरा मिनिटांनी पाहिले, तर कापाला घाम फुटल्यासारखे दिसते. आम्ही नेमके याच वेळी मांस विस्तवावर ठेवले होते! तेथे न ठेवता थांबलो, तर त्याच पाण्यात मीठ विरघळते आणि ते खारे पाणी हळूहळू मांसात परत शिरू लागते. पाऊण तासाच्या सुमारास काप पुन्हा कोरडा दिसू लागतो. आत गेलेले मीठ मांसातील काही प्रथिने सैल करते, आणि ती प्रथिने भाजताना पाणी धरून ठेवतात. म्हणजे जे मीठ पंधराव्या मिनिटाला आपले शत्रू असते, तेच तासाभराने आपले मित्र होते. मधे आपण काही करावयाचे नसते, थांबावयाचे असते. म्हणून नियम असा: मीठ अगदी विस्तवावर ठेवताना लावावे, नाहीतर निदान पाऊण तास आधी लावावे, आणि शक्य असल्यास आदल्या रात्री लावून मांस फ्रिजमध्ये, झाकण न ठेवता, थाळीवर पसरून ठेवावे. प्रमाण म्हणाल तर एक किलो बिनहाडाच्या मांसास दहा ते बारा ग्रॅम, म्हणजे चहाचे जेमतेम दोन सपाट चमचे बारीक मीठ. यापेक्षा जास्त नको.

तिसरी गोष्ट मुरवण. सकाळी वाटण लावावयाचे. आमचे एका किलोचे प्रमाण असे: आले-लसणाची गोळी दोन मोठे चमचे, चार-पाच हिरव्या मिरच्या वाटून, मिरपूड व गरम मसाला प्रत्येकी एक लहान चमचा, अर्ध्या लिंबाचा रस, दोन मोठे चमचे तेल आणि सालासकट वाटलेली कच्ची पपई एक मोठा चमचा. या वाटणात पुन्हा मीठ घालू नये. ते रात्रीच गेलेले असते, आणि येथेच पुष्कळांची चूक होते. पपई कच्चीच हवी, कारण मांस मऊ करणारे द्रव्य तिच्या चिकात असते. पिकलेल्या पपईत ते फारसे उरत नाही. हे द्रव्य थंडीत सुस्त असते आणि साधारण पन्नास ते सत्तर अंश उष्णतेत, म्हणजे काप तापू लागल्यावर, त्याचे खरे काम चालते. म्हणून 'रात्रभर पपईत ठेवले तर अधिक मऊ होईल' या आशेने मांस तिच्यात बुडवून ठेवू नये. आमच्या एका दिवाळीला तसे केले, तेव्हा बाहेरून पेस्ट आणि आतून पूर्वीचेच मटण अशी गत झाली. पातळ कापांना तास-दीड तास पुरे. येथे राजस्थानात पपईऐवजी काचरी वापरतात. तिचेही काम असेच. लिंबू आणि दही हीदेखील मांसाच्या वरच्या थरातच काम करतात. मसाला आत खोलवर शिरतो ही आपली समजूत आहे. आत खोल जाते ते मुख्यतः मीठ. मसाल्याची जागा वरच्या थरात आहे, आणि तेथे तो शोभतोही.

चौथी गोष्ट कोरडेपणा. मुरलेले काप विस्तवावर ठेवण्यापूर्वी वरचे जास्तीचे वाटण बोटांनी निपटून काढावे. लसूण मांसाच्या आधी जळतो आणि कडू होतो. मीठच तेवढे लावलेला काप असेल, तर तो स्वच्छ फडक्याने टिपून कोरडा करावा. याचे कारण असे की, पाणी शंभर अंशांना उकळते, आणि कापावर पाणी आहे तोवर तेथील उष्णता त्यापलीकडे फारशी चढत नाही. ज्या तांबूस रंगासाठी आणि खमंग वासासाठी आपण हा सारा खटाटोप करतो, तो साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढे येतो. ही क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने १९१२ साली प्रथम मांडली. ओल्या कापाचा पहिला सगळा वेळ पाणी आटविण्यातच जातो, आणि रंग येईपर्यंत आतले मांस चिवट होऊन बसते.

याच संदर्भात एका जुन्या समजुतीचा उल्लेख करावासा वाटतो. मांस प्रथम कडक आचेवर धरले की त्याची छिद्रे बंद होतात व रस आत राहतो, असे आजही सर्रास सांगतात. हे मत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युस्टुस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने जगभर पसरले. पुढे प्रयोगांनी ते खोटे ठरले. कडक आचेने चव येते, रस कोंडला जात नाही. एवढ्या मोठ्या माणसाची चूक एवढी वर्षे टिकली, कारण ती कानाला खरी वाटते. आमच्या खात्यातही अशा नोंदी आढळतात. (हशा)

पाचवी गोष्ट विस्तव. ज्वाळा विझून कोळशावर राखेचा पांढरा थर आला, की मगच भाजावयास बसावे. चरबी निखाऱ्यावर पडून ज्वाळा उठू लागल्यास काप बाजूला सरकवावा. ती काजळी खाण्याजोगी नसते. दगड वापरावयाचा असल्यास तो कोरडा असावा आणि सावकाश तापवावा; ओल्या दगडातील पाण्याची वाफ होऊन तो तडकतो. बांधकामाच्या दुकानातली राळ भरलेली चकचकीत लादी कधीही वापरू नये. ज्यांच्याकडे दगड नाही, त्यांनी खंत करू नये. आपला बिडाचा जाड तवा हेच काम उत्तम करतो. पातळ काप प्रत्येक बाजूने तीन-चार मिनिटांत होतात.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. अखंड कापावरचे जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात. खिम्यात मात्र ते आतपर्यंत कालवले जातात. म्हणून अमेरिकेच्या कृषिखात्याने अखंड कापासाठी त्रेसष्ट अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती, तर खिम्यासाठी एकाहत्तर अंश असा दंडक घातला आहे. आपल्या ठेचलेल्या आणि पपई लावलेल्या कापांना आम्ही खिम्याचाच नियम लावतो. आत गुलाबी ठेवण्याची हौस करीत नाही. मुरवण नेहमी फ्रिजमध्ये करावी, आणि कच्च्या मांसाला लागलेले वाटण चटणी म्हणून पानात वाढू नये.

दुसरी सावधगिरी सांगताना आवाज थोडा खाली येतो. येथे बदली होऊन आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात चिरंजीव अमेरिकेहून रजेवर आले होते. बाहेर बोचरा वारा होता, म्हणून आम्ही शेगडी काचा लावलेल्या व्हरांड्यात आणली आणि दारे लावून घेतली. बापलेक गप्पांत रंगलो. थोड्या वेळाने त्याचे डोके जड झाले, आमचेही झाले. धूर नव्हता, वास नव्हता, म्हणून आम्ही म्हणालो, "प्रवासाचा शीण असेल." सौभाग्यवती ताटे विचारावयास आल्या, त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले आणि एक शब्द न बोलता सारी दारे-खिडक्या उघडल्या. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतच संपवितो. दर हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात अशा बातम्या येतात. त्यांत आमच्या घराची एक बातमी होता होता राहिली. पाच गोष्टींची तयारी शिकलेल्या माणसाने सहावी विसरावी, याची लाज आम्हांस अजूनही वाटते. इतर सर्व विसरलात तरी चालेल, पण शेगडी उघड्यावर ठेवा, एवढे घरी गेल्यावर जरूर लक्षात ठेवा.

चिरंजीवांचा उल्लेख आला, म्हणून एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. हैदराबादेत आम्ही होतो तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा होता. सुट्टीत येई, पण आमच्याशी फारसे बोलत नसे. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या बापाशी मुलाने बोलावे तरी काय? २००९ च्या दिवाळीत मास्तरसाहेबांनी आम्हां दोघांना दगडासमोर बसविले. मीठ लावून वाट पाहण्याचे जे तास असतात, त्यांत माणसाला दुसरा उद्योग नसतो. त्या दिवशी त्याने आम्हांस प्रथम विचारले, "बाबा, तुम्ही पुण्याला केव्हा येणार?" उत्तर आमच्याजवळ नव्हते. पण प्रश्न विचारला गेला, आणि त्यानंतर त्याचे बोलणे थांबले नाही.

२०१८ साली तो शिक्षणासाठी अमेरिकेत टेक्सास राज्यात गेला. वर्षभराने एका रविवारी त्याने फोनवर सांगितले, "बाबा, तुम्हांला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. इथे मी स्टेक खातो. आज घरीच भाजला, पण बाहेरून करडा आणि आतून चिवट झाला." आमच्या घरात याचा अर्थ काय होतो, ते आपण जाणता. सौभाग्यवती जवळच उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या. काही क्षण आम्हांसही बोलणे सुचेना. रागावण्याजोगे पुष्कळ होते. पण तो हजारो मैलांवरून बापाला खरे सांगत होता, आणि एका चुकीचे कारण विचारीत होता. आम्ही विचारले, "मीठ केव्हा लावलेस?"

तो म्हणाला, "पंधरा मिनिटं आधी." आम्ही म्हणालो, "इत्ती जल्दी नक्को करो." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्याने विचारले, "मास्तरसाहेब कसे आहेत?"

त्याला आम्ही सांगितले की, दीड इंच जाडीच्या कापाला आदल्या रात्री मीठ लाव, फ्रिजमध्ये उघडा ठेव, भाजण्यापूर्वी टिपून घे, आणि भाजल्यावर पाच-दहा मिनिटे त्याला हात लावू नकोस. आमच्या घरात जो पदार्थ शिजला नाही व शिजणार नाही, त्याची कृती आम्ही सांगितली. ते योग्य की अयोग्य, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. सौभाग्यवती दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्याला मीठ कमी घालायला सांगा. रक्तदाब आपल्या घराण्यात आहे." जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, आणि आमच्या प्रमाणाने दोनशे ग्रॅमच्या कापात दोन ग्रॅम मीठ जाते. हा हिशेब आम्ही दोघांनाही कळविला.

मास्तरसाहेब आता हयात नाहीत. २०११ साली आमची बदली झाली, तेव्हा त्यांनी आपला दगड जुन्या चादरीत गुंडाळून आमच्या सामानात ठेवला. पुढच्या प्रत्येक बदलीत सामान बांधणाऱ्यांनी विचारले, "साहेब, हा दगडसुद्धा न्यायचा?" आणि प्रत्येक वेळी आम्ही तो यादीत लिहिला. आज तो आमच्या अंगणात आहे. त्यावर भाजलेले पसंदे आम्ही नानाबरोबर खात नाही; ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा आणि लसणाची चटणी यांच्याबरोबर खातो. मास्तरसाहेबांना ते मान्य होते.

बंधुभगिनींनो, लेखापरीक्षकाचे काम घटना घडून गेल्यावर सुरू होते. चूक दाखविता येते, सुधारता येत नाही. स्वयंपाकघरात आम्ही उशिरा शिरलो, पण चूक होण्यापूर्वीची वेळ आपल्या हातात असते, हे तेथे शिकलो. मंडळाच्या संस्थापकांनी पन्नास वर्षांपूर्वी आपल्यासाठी जी तयारी करून ठेवली, तिच्यामुळेच आज परमुलखात आपण मराठीत बोलत आणि हसत आहोत. पुढच्या पन्नास वर्षांची तयारी आपल्याकडे आहे. तिलाही घाई नको.